फ्रोबेलचे आठ ठोकळे

महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविताना एक अनुभव वारंवार येतो. शेकडेवारीची सूत्रे मुखोद्गत असलेला विद्यार्थी साधा अपूर्णांक समोर येताच गोंधळतो. एकाचा आठवा भाग म्हणजे काय, हे त्याने बालपणी हाताने करून पाहिलेलेच नसते. अशा वेळी फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन शिक्षकाचे स्मरण होते.

फ्रोबेलचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी थुरिंगियातील एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. तो वर्षाचाही नव्हता, तोच मातृसुखाला पारखा झाला. वनरक्षकाकडे उमेदवारी करून तो १८०५ साली फ्रँकफुर्ट येथे शिक्षक झाला. पुढे १८०८ ते १८१० या काळात स्वित्झर्लंडमध्ये त्याला पेस्तालोत्सीचा सहवास लाभला. त्यानंतर बर्लिनमध्ये वाइस या शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्याने स्फटिकांचा अभ्यास केला. निसर्गातील आकारांमागे गणिती नियम असतो, ही त्याची श्रद्धा तेथे दृढ झाली.

१८३७ साली त्याने ब्लँकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली व १८४० साली तिला किंडरगार्टन, म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. तेथे मुलांच्या हाती प्रथम लोकरीचे चेंडू येत. मग लाकडी गोल, घन व दंडगोल. त्यापुढचे खेळणे म्हणजे आठ समान ठोकळ्यांचा एक घन. तो मधोमध विभागला की चार-चार ठोकळ्यांचे दोन अर्धे. पुन्हा विभागला की पाव. सुटा ठोकळा म्हणजे आठवा भाग. त्याच ठोकळ्यांची खुर्ची होई, जिना होई आणि अखेरीस सारे जुळवून मूळचा घन परत उभा राही. भाग आणि पूर्ण यांचे नाते मूल असे बोटांनी शिके. हात धरून रिंगण करणे, ते मोडून पुन्हा जुळविणे, अशा खेळांत त्याचे सारे शरीरच शिकत असे.

असा हा निरुपद्रवी उद्योग; पण सत्तेला तोही धोकादायक वाटला. ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशियाने निरीश्वरवाद व समाजवाद पसरविण्याचा ठपका ठेवून बालोद्यानांवर बंदी घातली. त्याच्या पुतण्याच्या लेखनाची व त्याच्या कार्याची त्यात गल्लत झाली होती. फ्रोबेलने खुलासे केले. ते व्यर्थ ठरले. २१ जून १८५२ रोजी त्याचे निधन झाले. बंदी उठली ती १८६० साली. त्याच्या स्मारकावर घन, दंडगोल व गोल एकावर एक रचलेले आहेत.

आज बंदीची गरज उरलेली नाही. ज्या बालवर्गांत खेळ बाजूला सारून मुलांना अंक गिरवीत बसविले जाते, तेथे ती न सांगता अमलात येते. आठ ठोकळ्यांना भांडवल नगण्य लागते. खरी गुंतवणूक आहे ती मुलाला खेळण्यासाठी दिलेल्या वेळाची, आणि नेमकी तीच करावयास आपण तयार नसतो. तिची वसुली मग महाविद्यालयाच्या वर्गात होते.