मातांचे तारणहार : डॉ. इग्नाझ सेमेलवाइस

प्रास्ताविक

बाळंतपणात दगावणाऱ्या माता व नवजात बालके यांची नोंद ठेवणे हा आरोग्यसेवेतील महत्त्वाचा भाग आहे. अशा नोंदींतून काय साध्य होते, हे प्रस्तुत पाठातून कळते. मृत्यूंच्या आकड्यांवरून रोगाचे कारण शोधणाऱ्या आणि त्या शोधापायी उपेक्षा सोसणाऱ्या एका डॉक्टरांचे हे चरित्र आहे.

मूळ पाठ

इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा या शहरात झाला. डॅन्यूब नदीच्या काठावरील हे शहर पुढे १८७३ मध्ये बुडापेस्टमध्ये विलीन झाले. त्यांचे वडील किराणा मालाचे व्यापारी होते. मुलाने कायद्याचे शिक्षण घ्यावे म्हणून १८३७ मध्ये त्याला व्हिएन्ना येथे पाठवण्यात आले. परंतु तेथे गेल्यावर सेमेलवाइस वैद्यकाकडे वळले. १८४४ मध्ये त्यांनी पदवी संपादन केली आणि १८४६ मध्ये व्हिएन्नाच्या जनरल रुग्णालयातील प्रसूती विभागात ते साहाय्यक डॉक्टर म्हणून रुजू झाले.

त्या रुग्णालयात दोन प्रसूतिकक्ष होते. पहिल्या कक्षात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्यात सुईणींना शिक्षण दिले जाई. कोणत्या स्त्रीने कोणत्या कक्षात जायचे, हे ती कोणत्या दिवशी आली यावर ठरे. येथे येणाऱ्या बहुतेक स्त्रिया गरीब होत्या. तरीही पहिल्या कक्षाचे नाव ऐकताच त्या गयावया करून दुसरा कक्ष मागत. त्यांच्या भीतीला आधार होता. प्रसूतीनंतर येणाऱ्या सूतिकाज्वराने पहिल्या कक्षात स्त्रिया मोठ्या संख्येने दगावत होत्या.

सेमेलवाइस यांनी जुन्या नोंदवह्या तपासल्या. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या कक्षात २०,०४२ प्रसूती झाल्या व १,९८९ माता मरण पावल्या. दुसऱ्या कक्षात १७,७९१ प्रसूतींमध्ये ६९१ माता दगावल्या. म्हणजे पहिल्या कक्षात शंभरांमागे सुमारे दहा, तर दुसऱ्यात सुमारे चार. एकाच रुग्णालयात, एकाच छताखाली एवढा फरक का पडावा, या प्रश्नाने त्यांना ग्रासले.

त्या काळी दूषित हवेमुळे हा ज्वर होतो, असे मानले जाई. पण हवा तर दोन्ही कक्षांत एकच होती. गर्दी म्हणावी, तर ती दुसऱ्या कक्षात अधिक होती. आहारातही भेद नव्हता. मरणासन्न रुग्णाकडे जाणाऱ्या धर्मगुरूंच्या घंटेने स्त्रिया घाबरत असतील, म्हणून ती घंटाही बंद करून पाहिली. मृत्यू थांबले नाहीत. विशेष म्हणजे, रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी रस्त्यातच ज्यांची प्रसूती होई, त्यांना हा ज्वर क्वचितच होत असे.

मार्च १८४७ मध्ये त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या सुरीने त्यांच्या बोटाला जखम झाली होती. त्यांच्या शवपरीक्षेचा अहवाल वाचताना सेमेलवाइस यांना धक्का बसला. सूतिकाज्वराने मरण पावलेल्या स्त्रियांच्या शरीरात जी लक्षणे आढळत, तीच येथेही होती. मग कोडे उलगडले. पहिल्या कक्षातील डॉक्टर व विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करीत आणि त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत. सुईणी शवविच्छेदन करीत नसत. मृतदेहातील घातक द्रव्य डॉक्टरांच्या हातांवरून मातांच्या शरीरात जात होते. आईबरोबर काही नवजात बालकेही याच रोगाला बळी पडत होती.

हा निष्कर्ष सेमेलवाइस यांच्यासाठी अत्यंत वेदनादायक होता. रोगाचे कारण शोधण्यासाठी त्यांनी स्वतःच असंख्य शवविच्छेदने केली होती. ज्यांना वाचवण्यासाठी ते झटत होते, त्यांच्यापैकी कितीतरी जणींच्या मृत्यूला आपलेच हात कारण झाले, ही जाणीव त्यांना आयुष्यभर छळत राहिली. पण त्यांनी सत्य दडवले नाही. पुढे ग्रंथ लिहिताना त्यांनी हा दोष उघडपणे स्वीकारला.

मे १८४७ च्या मध्यास त्यांनी नियम केला, की कक्षात येणाऱ्या प्रत्येकाने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवावेत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहिल्या कक्षात ३१२ प्रसूतींमध्ये ५७ मृत्यू झाले होते. जूनमध्ये २६८ प्रसूतींमध्ये केवळ सहा झाले. ऑक्टोबरमध्ये मात्र त्यांना आणखी एक धडा मिळाला. गर्भाशयाचा कर्करोग असलेल्या एका स्त्रीला तपासून डॉक्टर इतर बाळंतिणींकडे गेले आणि त्या बारा जणींपैकी अकरा जणी दगावल्या. घातक द्रव्य जिवंत रुग्णाकडूनही पसरते, हे ध्यानी येताच प्रत्येक रुग्णाला तपासण्यापूर्वी हात धुणे सक्तीचे झाले. १८४८ मध्ये पहिल्या कक्षातील ३,५५६ प्रसूतींमध्ये ४५ मृत्यू झाले. त्या वर्षी मार्च व ऑगस्ट या महिन्यांत तर एकही माता दगावली नाही.

एवढा स्पष्ट पुरावा असूनही अनेक ज्येष्ठ डॉक्टरांनी तो मानला नाही. आपल्याच हातांनी मृत्यू पसरतो, हे स्वीकारणे त्यांना अपमानास्पद वाटले. सेमेलवाइस यांच्याकडूनही उणीव राहिली. आपले निष्कर्ष सविस्तर प्रसिद्ध करण्यास त्यांनी फार विलंब केला. १८४९ मध्ये त्यांच्या पदाची मुदत वाढवण्यात आली नाही आणि १८५० मध्ये ते व्हिएन्ना सोडून पेस्ट शहरी परतले. तेथील सेंट रोकुस रुग्णालयात १८५१ ते १८५७ या काळात ९३३ प्रसूतींमध्ये सूतिकाज्वराने केवळ आठ माता दगावल्या. १८५५ मध्ये ते पेस्ट विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१८६१ मध्ये त्यांचा सूतिकाज्वरावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे स्वागत थंडपणे झाले. तेव्हा त्यांचा संयम सुटला व विरोधकांना खुनी ठरवणारी जाहीर पत्रे त्यांनी लिहिली. त्यामुळे विरोध अधिकच वाढला. हळूहळू त्यांचे मनःस्वास्थ्य ढासळले. जुलै १८६५ मध्ये त्यांना व्हिएन्नातील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, जखमेतून रक्तात जंतुसंसर्ग पसरून त्यांचा अंत झाला. ज्या प्रकारच्या संसर्गाशी ते आयुष्यभर झुंजले, त्यानेच त्यांचा बळी घेतला.

पुढे लुई पाश्चर यांनी १८७९ मध्ये सूतिकाज्वराचे जंतू दाखवून दिले आणि सेमेलवाइस यांचे म्हणणे खरे ठरले. आज मातामृत्यूचे प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे मोजतात. भारतात २०१८ ते २०२० या काळात ते ९७ होते. व्हिएन्नातील पहिल्या कक्षाचे सहा वर्षांचे आकडे लाखाच्या हिशेबात मांडले, तर दर एक लाख प्रसूतींमागे सुमारे ९,९०० मृत्यू होतात. या दोन आकड्यांमधील अंतर अनेक शोधांनी व अनेकांच्या परिश्रमांनी कापले आहे. त्यातील एक पहिले पाऊल नोंदवही प्रामाणिकपणे वाचणाऱ्या या डॉक्टरांचे होते.

शब्दार्थ

सूतिकाज्वर – प्रसूतीनंतर जंतुसंसर्गाने येणारा ताप
शवविच्छेदन – मृतदेह उघडून केलेली तपासणी
मरणासन्न – मृत्यूच्या दारी असलेला

स्वाध्याय

१. दोन प्रसूतिकक्षांतील मृत्यूंच्या प्रमाणात कोणता फरक होता?
२. कोलेच्का यांच्या मृत्यूवरून सेमेलवाइस यांना काय उमगले?
३. ज्येष्ठ डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे का नाकारले असावे? तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या परिसरातील आरोग्यसेविकेला भेटून जन्ममृत्यूची नोंद कशी ठेवतात, याची माहिती मिळवा.