कवार्थवाचे लोहस्वामी

वेल्समधील मर्थर टिडफिल हे गाव एकोणिसाव्या शतकात लोखंडासाठी जगभर प्रसिद्ध होते. तेथील कवार्थवा कारखान्याच्या मालकांच्या घराण्यात ३ मार्च १८१७ रोजी रॉबर्ट थॉम्पसन क्रॉशे यांचा जन्म झाला. पणजोबांपासून चालत आलेली ही श्रीमंती होती. वडिलांनी तर कारखान्यासमोर किल्ल्यासारखा वाडाच बांधला.

१८३८ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, रॉबर्ट यांनी पदरी पितळी वाद्यांचा बँड उभा केला. फिरत्या सर्कशींतील निष्णात वादक गाठून त्यांना कारखान्यात कामे दिली. भट्ट्यांच्या धुरात राहणाऱ्या त्या गावात बेथोव्हेन, रोसिनी व वेर्दी यांच्या रचना वाजू लागल्या. १८६० साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील स्पर्धेत, दुसऱ्या दिवशी, या बँडने पहिले बक्षीस मिळविले. (इंग्रजी उपासनांत आजही गायिल्या जाणाऱ्या 'ॲबरिस्टविथ' या चालीचे कर्ते जोसेफ पॅरी हेही लहानपणी याच कारखान्यात राबले होते.)

पुढे पक्षाघाताच्या आजाराने क्रॉशे यांची श्रवणशक्ती जवळजवळ गेली. मग त्यांनी छायाचित्रणाचा नाद धरला. पत्नी रोज मेरी यांनी गोरगरिबांसाठी मोफत वाचनालये व अन्नछत्र चालविले. पती मात्र कामगार संघटनेपुढे नमले नाहीत. मंदीत मजुरीवरून वाद पेटला आणि १८७४ च्या सुमारास कारखान्याला टाळे लागले. हजारो कुटुंबांची चूल विझली. बँडवर केलेला खर्च खरा, आणि ही उपासमारही खरी; एकीने दुसरी झाकता येत नाही.

१० मे १८७९ रोजी त्यांचे निधन झाले. वेनर येथील मंडळीच्या आवारात त्यांच्या कबरीवर कित्येक टन वजनाची शिळा आहे. तिच्यावर नाव आहे आणि देवाजवळ क्षमा मागणारे तीनच शब्द आहेत. कशाची क्षमा, याविषयी गावकरी आजवर तर्क करीत आले आहेत. मंदिरातील जकातदारानेही आपल्या पापांची यादी वाचली नव्हती.

बँडच्या हस्तलिखित वह्या मात्र वाड्यात राहिल्या. त्या वाड्यात पुढे संग्रहालय झाले. ट्रेव्हर हर्बर्ट या संशोधक-वादकाने त्यांचा अभ्यास केला आणि १९९६ साली 'वॉलेस कलेक्शन' या वादकसमूहाचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. त्यासाठी त्या काळचीच वाद्ये वापरली गेली. आजच्या बँडची वाद्ये रुंद नळीची, भरदार आवाजाची. जुनी वाद्ये अरुंद नळीची, सौम्य पण टोकदार. चाव्यांचे बिगुल आणि खर्जाचे ऑफिक्लाइड यांत पिस्टन नसतात. नळीवरील छिद्रे चाव्यांनी उघडझाप करावी लागतात, आणि प्रत्येक स्वराचा पोत थोडा वेगळा येतो. त्या वह्यांतील अतिजलद तानांवरून तेथील कामगार-वादकांचा हात किती तयार होता, हे कळते.