ब्रूस लीचा एक इंचाचा पंच जगाने पाहिला, पण त्यामागची मनगटाची मेहनत कुणी पाहिली नाही

ऑगस्ट १९६४. अमेरिकेतल्या लाँग बीच इथे कराटेची मोठी स्पर्धा भरली होती. मधल्या वेळेत २३ वर्षांचा एक सडपातळ पोरगा प्रात्यक्षिक दाखवायला पुढे आला. आधी त्याने एका हाताच्या फक्त दोन बोटांवर पुशअप्स मारले. मग समोर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीपासून जेमतेम इंचभर अंतरावर मूठ धरली. हात मागे न खेचता झटका दिला आणि तो माणूस मागे ठेवलेल्या खुर्चीत जाऊन आदळला.

हा पोरगा म्हणजे ब्रूस ली.

त्याचा जन्म २७ नोव्हेंबर १९४० चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. वडील कँटोनीज ऑपेरातले कलाकार होते आणि दौऱ्यासाठी अमेरिकेत आले होते. ब्रूस वाढला मात्र हाँगकाँगमध्ये. रस्त्यावरच्या मारामाऱ्यांचा नाद लागला, आणि तिथूनच तो विंग चुन शिकवणाऱ्या इप मॅन यांच्याकडे पोचला.

विंग चुनचा पंच कराटेपेक्षा वेगळा असतो. कराटेत मूठ फिरवून आडवी करतात. इथे ती उभीच राहते, अंगठा वरच्या बाजूला. कोपर खाली असतं आणि मार बसतो तो करंगळीच्या बाजूच्या तीन गाठींनी. कोपर, मनगट आणि मूठ एका रेषेत आली की अंगाचा सगळा जोर समोरच्यापर्यंत पोचतो.

पण ही रेषा मोडली तर?

मनगटात आठ छोटी हाडं असतात. मूठ आदळताना मनगट वाकलं, तर जोर समोरच्याला लागण्याऐवजी आपल्याच सांध्यावर उलटतो आणि मनगट मुरगळतं. पंच पायातून आणि कमरेतून कितीही ताकदीने आला, तरी शेवटचा सांधा कच्चा असेल तर सगळं वाया. एक इंचाच्या पंचमध्ये तर हात खेचायला जागाच नसते. पाय, कंबर आणि खांद्याचा जोर एकाच क्षणी यावा लागतो आणि शेवटचा झटका मनगटाचा असतो.

१९५९ साली ब्रूस अमेरिकेत परतला. सिएटलमध्ये हॉटेलात काम करत शिकला, मग कुंग फू शिकवू लागला. पुढे ऑकलंडमध्ये वाँग जॅक मॅन नावाच्या कुंग फूवाल्याशी त्याची बंद दाराआड लढत झाली. कोण जिंकलं यावर आजही वाद आहे. पण ब्रूसला एक गोष्ट खटकली. काही मिनिटांतच त्याला धाप लागली होती. नुसतं तंत्र पुरत नाही, शरीरही तयार लागतं हे त्याला कळलं.

तिथून तो व्यायामाच्या मागे हात धुऊन लागला. मनगट हलवणारे मोठे स्नायू मनगटात नसतातच, ते कोपराच्या खालच्या भागात असतात. म्हणून ब्रूसचा भर त्या भागावर होता. एका दांडक्याला दोरी, दोरीला वजन, आणि ते दांडकं मनगटाने फिरवत वजन वर गुंडाळायचं. तळहात खाली ठेवून बार उचलायचा. एका टोकाला वजन लावलेला दांडा मनगटाने वरखाली करायचा. पकड मजबूत करणारं यंत्र तर त्याने मित्राकडून खास बनवून घेतलं होतं. जोडीला भिंतीवरच्या पोत्यावर ठोसे होतेच. वजन जेमतेम ६०-६५ किलो, पण हात पाहणारा पाहतच राहायचा.

लाँग बीचच्या प्रात्यक्षिकामुळे त्याचं नाव हॉलीवूडपर्यंत गेलं आणि १९६६ मध्ये ‘द ग्रीन हॉर्नेट’ ही मालिका मिळाली.

पण एका सकाळच्या घाईने सगळंच संपणार होतं. १९७० साली त्याने वॉर्मअप न करता सुमारे ५७ किलोचा बार खांद्यावर घेतला आणि कमरेतून पुढे वाकला. पाठीची नस दुखावली. आता लाथ मारणं विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. कित्येक महिने तो अंथरुणाला खिळून होता. त्या काळात त्याने वाचलं आणि वह्याच्या वह्या लिहिल्या. त्यातूनच त्याच्या मृत्यूनंतर, १९७५ मध्ये, ‘ताओ ऑफ जीत कुन दो’ हे पुस्तक आलं.

तो पुन्हा उभा राहिला. १९७१ मध्ये एका सिनेमासाठी जागा शोधायला भारतातही येऊन गेला. त्याच वर्षी आलेल्या ‘द बिग बॉस’ने तो आशियाचा स्टार झाला. पाठदुखीने मात्र शेवटपर्यंत पिच्छा सोडला नाही.

२० जुलै १९७३ रोजी हाँगकाँगमध्ये मेंदूला सूज येऊन तो गेला. वय अवघं ३२. ‘एंटर द ड्रॅगन’ काही आठवड्यांनी अमेरिकेत झळकला आणि त्यानंतर गल्लोगल्ली पोरं हवेत ठोसे मारू लागली.

ब्रूसचं मनगट रोजच्या कंटाळवाण्या मेहनतीतून हळूहळू तयार झालं होतं. पाठ मात्र एका दिवसाच्या घाईत गेली. पंचिंग बॅगवर पहिला जोरदार ठोसा मारण्याआधी या दोन्ही गोष्टी आठवल्या, तर मनगट वाचेल.