पंधरा तारीख मागणारा माणूस

गेल्या महिन्यातली गोष्ट. माझी भाची दुपारी तीनलाच घरी आली. डोळे सुजलेले, डबा तसाच भरलेला. कपड्यांच्या ज्या कारखान्यात ती हिशेब बघायची, तिथे चार माणसांत मालक तिला नको ते बोलले. ही उठली, पर्स घेतली आणि निघून आली. राजीनामा रात्री फोनवरून पाठवला.

खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी उभा राहिला. महिन्याच्या तेवीस दिवसांचा पगार आणि साठलेली नऊ दिवसांची रजा तिथेच राहिली होती. मी विचारलं तर म्हणाली, की आत्या, मीच तडकाफडकी सोडून आलेय, आता कुठल्या तोंडानं मागू?

मला एकदम माझी बाविशी आठवली. मीही अशीच एका नोकरीतून उठून आले होते. सतरा दिवसांचा पगार मागायला कधी गेलेच नाही. आई म्हणाली, गेले ते गंगेला मिळाले. आपण बायका अशा किती पैशांना गंगेत सोडतो, नाही का?

त्या संध्याकाळी मी भाचीला एका माणसाची गोष्ट सांगितली. नारायण मेघाजी लोखंडे. रविवारची सुट्टी मिळवून देणारे म्हणून हे नाव आपण ऐकलेलं असतं. पण रविवारच्या जोडीला त्यांनी आणखी एक मागणी केली होती, ती फारशी कुणाला ठाऊक नसते.

लोखंड्यांचं मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर. जन्म १८४८ चा, ठाण्यातला. घरची परिस्थिती बेताचीच. मॅट्रिकपर्यंत शिकले आणि नोकरीला लागले. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात, आणि पुढे मुंबईच्या मांडवी गिरणीत स्टोअरकीपर म्हणून. गिरणीतली ही नोकरी त्यांना बरंच काही शिकवून गेली. कोण किती वाजता येतं, कुणाचा पगार का कापला, कोण रडत परत गेलं, हे सगळं तिथे डोळ्यांसमोर घडायचं.

तेव्हाच्या गिरण्यांत दिवस उजाडला की साचे सुरू व्हायचे आणि अंधार पडला की थांबायचे. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठं. तेरा-चौदा तास. आठवड्याची सुट्टी नाही, सणावाराला मिळेल तेवढीच. बायका वाइंडिंग आणि रिळाच्या खात्यात असायच्या, जेवढं काम तेवढे पैसे.

आणि पगार? महिना भरला तरी हातात पडायचा नाही. पुढच्या महिन्यातले कितीतरी दिवस तो मालकाकडेच अडकून राहायचा. मधल्या काळात वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. त्यात कुणी न सांगता काम सोडलं, तर राहिलेला पगार बुडालाच म्हणून समजायचं. पगार अडकवून ठेवायचा तो माणूस जाऊ नये म्हणून, आणि गेलाच तर तो पगार मालकाचा! माझी भाची जे सहन करत होती ना, त्याला असा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढलेलं 'दीनबंधू' हे पत्र बंद पडलं होतं. १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईत आणून पुन्हा उभं केलं. शेतकऱ्यांची आणि कामगारांची गाऱ्हाणी त्यात छापून येऊ लागली.

सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. ती संधी साधून सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. एक अर्ज तयार झाला आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. हातावर पोट असलेल्या माणसाने मालकाविरुद्धच्या कागदावर नाव घालणं ही तेव्हा केवढी जोखीम असेल, विचार करा.

त्या अर्जात पाच मागण्या होत्या. आठवड्यातून एक दिवस, रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू, सूर्यास्ताला बंद. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय. आणि पाचवी मागणी अशी, की महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळाला पाहिजे.

बघा, पगारवाढ मागितलीच नव्हती. कष्टाचे झालेले पैसे एका ठरलेल्या तारखेला द्या, एवढंच मागणं. लोखंडे मालकांपुढे दयेची याचना करत नव्हते, देण्याची तारीख विचारत होते. उधारी थकली की वाणी आपल्याला तारीख विचारतोच की. मग कामगाराने मालकाला का विचारू नये?

याच काळात त्यांनी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' उभी केली. भारतातली पहिली कामगार संघटना म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तिच्याकडे ना नीट वर्गणीदार होते ना मोठा निधी. पण लोखंडे मागे हटले नाहीत, अर्जांवर अर्ज होत राहिले.

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला रेसकोर्सवर सभा झाली. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले होते. आणि मैत्रिणींनो, त्या सभेत दोन कामगार बायका उभं राहून बोलल्या! चारचौघांत तोंड उघडलं तर नावं ठेवली जायची, असा तो काळ. त्या दोघींची नावं आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत. पण १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली, त्यात त्यांच्या शब्दांचा वाटा आहेच.

पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, कारखान्यांचा कायदा सुधारला. आठवड्याची सुट्टी कायद्यात आली, दुपारची विश्रांती आली आणि बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली गेली.

बायकांच्या दुःखाशी लोखंड्यांचं नातं तिथेच संपत नाही. विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी मुंबईतल्या नाभिक मंडळींना एकत्र केलं, आणि ते काम करणार नाही असं त्या मंडळींनी ठरवलं. १८९३ ला मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल झाली, तेव्हा शांततेसाठी लोखंडे राबले. सरकारने त्यांना रावबहादूर केलं. १८९६ ला प्लेग आला. लोक शहर सोडून पळत होते आणि हे रुग्णांच्या सोयीसाठी धावत होते. त्याच साथीने ९ फेब्रुवारी १८९७ ला त्यांना नेलं. वय जेमतेम एकोणपन्नास. महिन्याभराने पुण्यात सावित्रीबाईही रुग्णांची सेवा करताना त्याच प्लेगने गेल्या.

आणि ती पंधरा तारीख? ती त्यांच्या हयातीत आलीच नाही. रविवार सहा वर्षांत मिळाला, पण पगार अमुक तारखेच्या आत द्या, असं मालकाला बजावणारा कायदा व्हायला १९३६ साल उजाडलं. बावन्न वर्षं! सुट्टी देणं मालकांना जड गेलं असेल, पण पैसे वेळेवर देणं त्याहून जड गेलं. १९३६ च्या त्या कायद्यात मालकाने काढून टाकलेल्या माणसाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत करायचा होता. स्वतः सोडून जाणाऱ्याचं नाव तिथे नव्हतं. ते आलं २०१९ च्या वेतन संहितेत, आणि ती लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. आता राजीनामा दिलेल्यालाही दोन कामाच्या दिवसांत वेतन मिळायला हवं, आणि न मिळाल्यास तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो.

नेमणूकपत्रात नोटिशीची अट असेल तर मालक त्या दिवसांचे पैसे मागू शकतो, हे खरं. पण केलेल्या कामाचा सगळा पगार गिळता येत नाही. कारखान्यातल्या साठलेल्या भरपगारी रजेचे पैसेही काम सोडताना मिळायला हवेत. लहान दुकानांत रजेचे नियम माणसांच्या संख्येवर ठरतात, ते कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्यावं.

गोष्ट संपल्यावर भाची बराच वेळ गप्प होती. मग तिने कागद घेतला. रुजू झाल्याची तारीख, शेवटचा दिवस, कामाचे दिवस, शिल्लक रजा, एकूण रक्कम असं सगळं मुद्द्यांवार लिहिलं. हजेरीचे फोटो आणि पासबुकाची पानं जोडली. भांडण नाही, रडगाणं नाही. एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवली, पोचपावती जपून ठेवली.

आठव्या दिवशी पैसे जमा झाले. अटीप्रमाणे नोटिशीचे दिवस कापून, पण रजेसकट. तिने मला पेढा दिला आणि माझ्या सतरा दिवसांचं काय, असं विचारलं.

माझी मुदत केव्हाच टळलीय. पण तुमच्यापैकी कुणाची टळली नसेल, तर पेन शोधा.