पुणतांब्याचे रामचंद्र आणि जाझचे सूर

'जाझ' म्हटले की डोळ्यांपुढे मुंबईतले एखादे मोठे हॉटेल येते. आपल्या बाजरी-उसाच्या मुलखाचा या संगीताशी काय संबंध, असे कोणीही विचारील. पण हे सूर खेड्यापाड्यांत पोचविणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रभागी येते, ते संगीतकार सी. रामचंद्र आपल्याच जिल्ह्यातले!

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी गोदाकाठच्या पुणतांबे गावी झाला. पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांनी रागदारीचे शिक्षण घेतले. नट होण्यासाठी ते चित्रपटांत शिरले, पण जम बसला नाही. मग सोहराब मोदींच्या 'मिनर्व्हा'त पेटी वाजवू लागले. १९४२ साली मास्टर भगवान यांच्या 'सुखी जीवन'ला त्यांनी संगीत दिले.

जाझचा जन्म अमेरिकेतला. गुलामगिरीत पिचलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांनी ते घडविले. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि गोव्याच्या वादकांना या संगीताने वेड लावले. चर्चच्या शाळांत त्यांना स्वरलेखन शिकायला मिळालेलेच होते. हळदोण्याचे आंतोनियु वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे त्यांतले नामवंत ट्रम्पेटवादक. ते रामचंद्रांचे साहाय्यक झाले.

आणि मग नवल घडले! चाल रामचंद्रांची, ठेका व ट्रम्पेट जाझचा. 'शहनाई' (१९४७), 'पतंगा' (१९४९) आणि 'अलबेला' (१९५१) यांतील गाण्यांनी देश डोलू लागला. 'अलबेला'त चिक चॉकलेट पडद्यावरही दिसतात. 'आशा' (१९५७) मधील गमतीच्या गाण्यात तर कोंकणी शब्दही येतात. ताजमध्ये पाऊल टाकण्याची ज्याची ऐपत नव्हती, त्या शेतकऱ्याने जत्रेतल्या तंबूत बसून ते सूर ऐकले. मात्र ज्यांच्या फुंकरीतून ते निघाले, त्या गोवेकर वादकांची नावे पडद्यावर क्वचितच झळकत. याची खंत वाटते.

उडत्या चालींचा संगीतकार, असा शिक्का रामचंद्रांवर मारणाऱ्यांना 'अनारकली'ने (१९५३) उत्तर दिले. हुतात्मा जवानांवरचे त्यांचे गीत २७ जानेवारी १९६३ रोजी लता मंगेशकरांनी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर गायिले, ते आजही डोळे ओले करते. ५ जानेवारी १९८२ रोजी रामचंद्र गेले.

आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिलेच महाविद्यालयाची पायरी चढलेले आहेत. पोरगा शिकला की परका होतो, ही घरच्यांची भीती आपण जाणतो. रामचंद्रांनी सातासमुद्रापलीकडचे सूर आपलेसे केले, पण त्यांचा राग सुटला नाही की गोडवा आटला नाही. मूळ घट्ट असेल तर दूरचे वारे झाडाला उपटत नाही, डोलविते. पुणतांब्याच्या या सुपुत्राकडून आपण एवढे शिकलो तरी पुष्कळ!