नहर-ए-अंबरीचा कर्ता

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला हर्सूल-सावंगीच्या बाजूने जाताना जमिनीतून वर आलेली जुन्या बांधकामाची तोंडे अधूनमधून दृष्टीस पडतात. अनोळखी माणसाला त्या बुजलेल्या विहिरी वाटाव्यात. वास्तविक ती नहर-ए-अंबरीची मॅनहोल आहेत. त्यांच्याखालून चारशे वर्षांपूर्वीची भुयारी नहर शहराकडे जाते आणि तिचा माग काढू लागले, की तो मलिक अंबरपर्यंत जाऊन पोहोचतो.

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा बगदादमार्गे दख्खनेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेझखानही मूळचा हबशी. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला आणि स्वतःचे घोडदळ बाळगू लागला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती पडला, तेव्हा निजामशाही संपल्यातच जमा होती. अंबरने दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवून ती आणखी पाव शतक जगवली.

त्याने १६१० मध्ये खडकी या लहानशा गावी राजधानीचे शहर वसवले. जागा लष्करी दृष्टीने सोयीची होती. परंतु लगतची खाम नदी एवढ्या वस्तीला पुरणारी नव्हती. त्यातच १६१६ मध्ये मुघल फौजेने खडकी उद्ध्वस्त केली. नहरीचे काम साधारण १६१७ चे मानले जाते. म्हणजे ते या विध्वंसानंतर लगेचच्या काळातले.

अंबरने धरण बांधले नाही. उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत मुरणारे पाणी त्याने भुयारी बांधकामात गोळा केले आणि केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. ठराविक अंतरावरील मॅनहोलमधून हवा खेळे व साफसफाईसाठी माणूस खाली उतरू शके. घाटाखालच्या मैदानात पाणी चढवण्याचा पंप नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या कारागिरांची उताराची जाण किती बारीक होती, ते कळते. पुढील काळात त्याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीला पाणी पुरवणारी नहर त्यांपैकीच.

पाण्याचा त्याने शस्त्र म्हणूनही वापर केला. १६२४ मध्ये भातवडीला मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या असता त्याने तलावाचे पाणी सोडून त्यांच्या वाटा चिखलाने भरून टाकल्या. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. अंबरचे शिर भाल्यावर टांगल्याचे चित्र जहांगीरने काढून घेतले होते. प्रत्यक्षात ती इच्छा पुरी झाली नाही. १६२६ मध्ये अंबर नैसर्गिक मृत्यूने गेला. त्याची कबर खुलताबादला आहे.

दहा वर्षांत, १६३६ मध्ये, निजामशाही संपली. खडकीचे फतेहनगर, मग औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. वाढत्या वस्तीने नहरीची काही मॅनहोल गिळली, काही ठिकाणी झाडांची मुळे बांधकामात शिरली. शहर आज पैठणच्या नाथसागरातून पंपांनी पाणी उपसते.