मुलांच्या अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक

माळशेज घाटाच्या वाटेवरचे मढ घ्या, की जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातली एखादी महादेव कोळ्यांची वा ठाकरांची वाडी घ्या, 'अंगणवाडी' म्हणजे काय हे तेथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. हा शब्द ज्यांच्या कार्यातून रुजला, त्या ताराबाई मोडक यांचे चरित्र मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. स्त्रीशिक्षणाला अनुकूल अशा घरात वाढलेल्या ताराबाई १९१४ साली बी. ए. झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार टिकला नाही. १९२१ साली घटस्फोट झाला. त्या काळी स्त्रीच्या वाट्याला हे येणे म्हणजे समाजाच्या नजरेतून उतरणे होते. ताराबाई स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या.

मान होता, पगार होता. तरी ते पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाईंनी १९२० साली तेथे बालमंदिर सुरू केले होते. मूल म्हणजे मातीचा गोळा नव्हे, त्याला स्वतःची गती, स्वतःची आवड आणि स्वतःचा मान असतो, ही माँटेसोरीबाईंची दृष्टी ताराबाईंनी तेथे आत्मसात केली. छडी त्यांना अमान्य होतीच, पण बक्षिसाचे आमिषही अमान्य होते. कारण दोन्हींमुळे मूल कामातला आनंद विसरून मोठ्यांच्या चेहऱ्याकडे पाहू लागते. शिक्षकाने आधी निरीक्षण करावे, एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करू नये, हा त्यांच्या दृष्टीने शिक्षकी पेशाचा धर्मच होता. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 'शिक्षणपत्रिके'तून हेच विचार त्या पालकांपर्यंत नेत राहिल्या. १९३६ साली मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार उभा केला.

येथे एक विसंगती होती. माँटेसोरीबाईंचे पहिले बालगृह १९०७ साली रोममधल्या गरीब कामकरी वस्तीत निघाले होते. आपल्याकडे मात्र ही पद्धती महागड्या साहित्यामुळे शहरातल्या सुखवस्तू घरांपुरती राहू लागली होती. प्रत्येक मुलाचा मान राखायचा, तर ज्याच्या घरी दोन वेळचे अन्न नाही त्याचे काय? ताराबाईंनी या प्रश्नाचे उत्तर व्याख्यानात दिले नाही. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या अनुताई वाघ तेथे त्यांना सहकारी म्हणून लाभल्या.

शिंपले, खडे, बिया, पाने हेच तेथे साहित्य झाले. बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतली मुले तिथवर येईनात. तेव्हा मुलांना किंवा आईबापांना दोष न देता शिक्षिकाच वस्तीत गेल्या. आधी मुलांचे हात-तोंड धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेले. गुरे राखणारी पोरे शाळेत येऊ शकत नव्हती. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी आली. मुलाची अडचण हा त्याचा अपराध मानायचा नाही, हे सूत्र या सर्व प्रयोगांमागे होते.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली.

नाव पोचले, आहार पोचला, वजनकाटाही पोचला. परंतु आवणीच्या दिवसांत आईबाप भातखाचरात असताना दाराशी एकटे बसलेले अबोल पोर कोणाच्या ध्यानात येते का, हे कोणत्याही रजिस्टरवरून कळत नाही. आपल्या महाविद्यालयातून उद्या अनेकजण शिक्षक होतील, काहीजणी अंगणवाडी सेविका होतील. त्यांनी वर्गातल्या मुलांची संख्या मोजण्यापूर्वी, न आलेल्या मुलाच्या अंगणात एकदा जाऊन यावे.